ढगांआडच्या ग्रहणाचा वेध: जुनी डिश आणि गोव्याची गच्ची

दरवर्षी मार्चच्या मध्याला आणि पुन्हा सप्टेंबर सरता सरता, ओळीने तीन-चार दिवस, रोज साधारण त्याच वेळेला आपल्याकडे डिशवरचं चित्र काही मिनिटं फुटतं. पाऊस नसतो, वायरही सैल झालेली नसते. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे आलेला असतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट उपग्रहाचा क्षीण संदेश गिळून टाकतो. म्हणजे तुमच्या गच्चीवरची डिश सूर्य ऐकू शकते. हे एकदा लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: ग्रहणात सूर्य झाकला जातो, तेव्हा हा गोंगाट कमी होताना आपल्याला मोजता येईल का?

येतो. मी फोंडा तालुक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून दोनदा प्रयत्न केला. २६ डिसेंबर २०१९ ला कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा केरळातल्या कण्णूर-कासरगोड भागातून गेला, गोव्यात ते खंडग्रास दिसलं. आकाश स्वच्छ होतं, पण माझा वेध पूर्ण फसला. २१ जून २०२० ला आभाळ गच्च भरलेलं होतं, वाडीत कोणालाही ग्रहण दिसलं नाही आणि माझ्या आलेखात मात्र ते स्पष्ट उतरलं. पहिल्या वेळी काय चुकलं आणि दुसऱ्या वेळी काय जमलं, ते क्रमाने लिहिते आहे. पुढचं मोठं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे. ती आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस, आणि गोव्यात भर पावसाचे दिवस. दुर्बीण काढून बसणाऱ्यांना त्या दिवशी नशिबाची साथ लागेल. आपल्याला लागणार नाही.

१. कोणता सूर्य मोजणार आहोत, ते आधी समजून घ्या

डोळ्यांना दिसतो तो सूर्याचा पृष्ठभाग, साधारण ५,८०० केल्व्हिनचा. रेडिओ लहरी त्याच्या वरच्या थरांतून येतात. डीटीएच डिश ज्या पट्ट्यात चालते त्या १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झला, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर तरंगलांबीला, आपण मुख्यतः वर्णावरण, म्हणजे पृष्ठभागाच्या लगेच वरचा थर पाहतो. तिथे सूर्य दहा-बारा हजार केल्व्हिनचा वाटतो. तरंगलांबी मीटरभर झाली की दहा लाख केल्व्हिनचा प्रभामंडल, म्हणजे सूर्याचं सर्वात बाहेरचं विरळ वातावरण, समोर येतो. रेडिओ सूर्य डोळ्यांच्या सूर्याहून मोठा असतो आणि तरंगलांबी वाढेल तसा आणखी फुगतो.

ग्रहण इथे कामाला येतं, कारण चंद्राची कड धारदार असते. लहान डिशला सूर्याचे तपशील वेगळे दिसत नाहीत. चंद्र मात्र एकेक भाग झाकत जातो आणि कोणता भाग किती लहरी सोडत होता हे उघड करतो. २३ नोव्हेंबर १९४६ च्या खंडग्रास ग्रहणात आर्थर कोव्हिंग्टन यांनी कॅनडातल्या ओटावा इथे, युद्धातून उरलेले रडारचे भाग जोडून केलेल्या यंत्राने १०.७ सेंटिमीटरवर हेच केलं. चंद्राने सूर्यावरच्या डागांचा मोठा गट झाकला तेव्हा लहरींची पातळी ठळकपणे घसरली. या लहरी सौर डागांच्या परिसरातून जास्त येतात हे त्यातून कळलं. पुढच्याच वर्षी, २० मे १९४७ च्या खग्रास ग्रहणात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 'ग्रिबोयेदोव्ह' जहाज घेऊन ब्राझील गाठलं आणि दीड मीटर तरंगलांबीवर मोजमाप केलं. सूर्य पूर्ण झाकला तरी सुमारे ४० टक्के ऊर्जा येतच राहिली. ती प्रभामंडलाची होती.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून आणलेल्या, प्रत्येकी सहा फुटांच्या ३२ डिश १९६५ च्या सुमारास कल्याणला मांडून सूर्याचा रेडिओ अभ्यास सुरू केला. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडे जाणारी वाट तिथून निघाली. लहान डिशला कमी लेखू नका.

२. वेळा आणि सूर्याची वाट काढून ठेवा

२ ऑगस्ट २०२७ ला खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया, येमेन असा येऊन हिंदी महासागरात उतरतो. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकेल. गोव्यात ते दुपार कलल्यावर आणि खंडग्रास असेल. तुमच्या गावासाठी स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरच्या माहितीतून किंवा स्टेलेरियमसारख्या सॉफ्टवेअरमधून घ्या. पंचांगातली वेळ कोणत्या गावची आहे ते पाहिल्याशिवाय ती वापरू नका.

आता गोव्यापुरती एक फार सोयीची गोष्ट. त्या दिवशी पणजीच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. पावणेचारला तो सुमारे ४६ अंश उंच असेल आणि पावणेसहाला सुमारे १८ अंश. या दोन तासांत त्याची दिशा मात्र उत्तरेकडून मोजलेल्या २८० अंशांवरून जेमतेम २८४ पर्यंत सरकते. म्हणजे डिश आडवी जवळपास फिरवायचीच नाही, फक्त खाली झुकवत न्यायची.

दुसरी सोय याहून मोठी आहे. सूर्याची हीच वाट १० मेच्या आसपासही असते, कारण तेव्हाही त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर) उत्तर साडेसतरा-अठरा अंशांची असते. मे महिन्यात आकाश मोकळं असतं, सावली पडते, खांबावर रंगाने खुणा करता येतात. ऑगस्टात ढग असले तरी त्याच खुणांवर डिश ठेवायची. घड्याळात सुमारे दहा मिनिटांचा फरक धरा: मे महिन्यात सूर्य त्याच जागी दहा मिनिटं आधी पोचतो. २०२० मध्ये हे मला माहीत असतं, तर ग्रहणाआधीचा अख्खा आठवडा ढगांतून एखादी फट मिळण्याची वाट पाहण्यात गेला नसता.

३. सामान

- ६० ते ६५ सेंटिमीटरची डीटीएच डिश. फायबर आल्यापासून किती तरी घरांवर वापरात नसलेल्या डिश आहेत, शेजारी विचारून पाहा. चालू असलेली डिश हलवू नका.
- सुटा मिळणारा युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे डिशसमोर दांड्यावर बसणारा भाग. तो लहरी पकडतो आणि त्यांची वारंवारता डोंगलला ऐकता येईल इतकी खाली आणतो. एका दुकानातून मला भलत्याच पट्ट्याचा एलएनबी मिळाला होता. १०.७ ते १२.७५ हे आकडे त्यावर छापलेले आहेत ना, ते पाहूनच पैसे द्या.
- आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपच्या यूएसबीत बसणारा लहान रेडिओ. साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतं.
- एलएनबीला वीज पुरवणारा पॉवर इन्सर्टर आणि ती वीज डोंगलकडे जाऊ न देणारा डीसी ब्लॉक. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट लागतात. ते चुकून डोंगलमध्ये शिरले तर डोंगल तिथेच जळतं. डोंगलचा स्वतःचा बायस-टी (केबलमधून वीज सोडण्याची सोय) साडेचार व्होल्टचा असतो, तो इथे पुरत नाही.
- १० आणि २० डेसिबलचे ॲटेन्युएटर, म्हणजे संदेश ठरावीक प्रमाणात कमी करणारे जोड.
- आरजी-६ केबल, एफ कनेक्टर आणि ते झाकायला स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप.
- खांब, ओळंबा, मोठा कोनमापक, होकायंत्र, स्पॅनर, ऑइलपेंटची लहान डबी.
- एलएनबीवर सावली धरायला थर्माकोल. रेडिओ लहरी त्यातून सहज जातात.
- लॅपटॉप, इन्व्हर्टर, ताडपत्री आणि एक वही. वही हवीच.

कागदपत्रं म्हणाल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्ची वापरायला सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्यावी. शाळेच्या किंवा कॉलेजच्या गच्चीवरून करणार असाल तर ग्रहणाच्या दिवशी फाटक उघडायला कोण येणार, हेही लेखी ठरवून घ्या. २ ऑगस्टला सोमवार आहे, पण ग्रहणाच्या वेळी बरेच जण घराबाहेर पडत नाहीत.

साधा सॅटेलाईट फाइंडर (डिश लावताना वापरतात तो काट्याचा मीटर) घेऊनही सूर्य सापडतो आणि मुलांना दाखवायला तो छानच आहे. मात्र त्याचा काटा ऊर्जेच्या प्रमाणात सरळ हलत नाही. मोजमापासाठी डोंगल घ्या.

४. जागा निवडताना

पावणेसहाला सूर्य १८ अंशांवर असेल, म्हणजे पश्चिमेकडे जरा उंच काही असलं की ते आडवं येणार. आपल्याकडे ते बहुधा माड असतात. माडाचं ओलं चुडत रेडिओसाठी ३०० केल्व्हिनची गरम भिंत असते. ती वाऱ्यावर हलली की आलेखात लाटा उठतात आणि त्या लाटांचा अर्थ लावण्यात संध्याकाळ जाते. मे महिन्याच्या तालमीत पावणेसहापर्यंत थांबून पश्चिम मोकळी आहे ना, ते पाहा.

विमानतळ, बंदर आणि मोबाईल टॉवर यांपासून जमेल तेवढं लांब राहा. रडारचा ठोका आलेखात ठरावीक अंतराने उभ्या रेघेसारखा येतो. तो ओळखता येतो, पण अनेक आले तर सरासरी बिघडवतात.

५. डिश सूर्यावर आणणं

इथे बहुतेक नवखे अडतात. डीटीएचची डिश ऑफसेट असते. तिचं तोंड जिकडे दिसतं त्याहून ती बरीच वर पाहत असते. तोंड सूर्याकडे करून काहीच मिळालं नाही म्हणून एलएनबी खराब ठरवू नका.

असं करा. स्वच्छ दिवशी पातळी स्क्रीनवर लावून डिश हळूहळू खालून वर न्या. सूर्य सापडला की पातळी चांगली उसळते. सर्वात उंच पातळीवर डिश घट्ट करा आणि दोन गोष्टी टिपा: डिशच्या पाठीवर धरलेल्या ओळंबा-कोनमापकाचं वाचन आणि त्या क्षणीची सूर्याची खरी उंची. या दोन्हींतला फरक तुमच्या डिशपुरता कायम असतो. माझ्या डिशचा साडेतेवीस अंश निघाला. दिवसात चार-पाच वेगवेगळ्या उंचींवर हे करून पाहा. फरक तोच येत राहिला की ढगांतही डिश कुठे पाहते आहे हे तुम्हाला कळेल.

दिशेसाठी लोखंडी खांबाजवळ होकायंत्र किंवा मोबाईल धरू नका, दोन्ही चुकतात. उन्हात ओळंब्याच्या दोरीची सावली कोणत्या मिनिटाला कुठे पडली ते टिपा आणि त्या मिनिटाची सूर्याची दिशा सॉफ्टवेअरमधून घ्या. जमिनीवर ती रेघ रंगवून ठेवा.

हे करताना सूर्याकडे डोळे लावून बघायचं नाही. सगळं काम सावलीवर आणि पातळीवर होतं. डिशवर चकचकीत कागद किंवा फॉइल कधीही चिकटवू नका. डिशचा रंग मुद्दाम मंद असतो. चकचकीत पृष्ठभाग उन्हाची उष्णताही एलएनबीवर गोळा करतो आणि तो वितळतो.

आणखी एक. एवढ्या डिशचा झोत, म्हणजे ती एका वेळी आकाशाचा जेवढा भाग ऐकते तो, जवळपास तीन अंशांचा असतो आणि सूर्य अर्ध्या अंशाचा. सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो. दर दोन मिनिटांनी डिश हलवत राहिलात तर चूक दोनेक टक्क्यांत राहते. एकट्याने ते दोन तास करणं थकवणारं आहे. मी दुसरी रीत वापरते: डिश सूर्याच्या पुढच्या जागी ठेवायची आणि सूर्याला तिच्यासमोरून जाऊ द्यायचं. दहा-बारा मिनिटांत एक टेकडी उमटते. टेकडीचं टोक हे आपलं वाचन. मग डिश पुन्हा पुढे. दोन तासांत दहाएक टेकड्या मिळतात आणि प्रत्येकीचा आकार सांगतो की डिश खरंच सूर्यावर होती.

६. रेकॉर्डिंगच्या सेटिंग: २०१९ मध्ये मी इथे चुकले

त्या सकाळी आठच्या सुमाराला ग्रहण लागलं. सूर्य अर्ध्याहून अधिक झाकला गेला, अंगणात पानांच्या फटींतून पडलेले कवडसे कोरीसारखे झाले आणि माझ्या स्क्रीनवरची रेघ मात्र सपाटच राहिली. डोंगलचा ऑटोमॅटिक गेन चालू राहिला होता. सूर्य मंदावेल तसा तो आवाज वाढवून पातळी सारखी करत होता. तो त्याचं काम चोख करत होता. माझ्याकडून तो बंद करायचा राहिला होता.

तेव्हा: ऑटोमॅटिक गेन बंद. गेन एकाच आकड्यावर ठेवा आणि तो आकडा वहीत लिहा. एलएनबीला पूर्ण वेळ १३ व्होल्टच द्या, कारण व्होल्टेज बदललं की ध्रुवीकरण, म्हणजे एलएनबी उभ्या लहरी घेतो की आडव्या ते, बदलतं. डोंगल १,१०० ते १,५०० मेगाहर्ट्झमध्ये अशा ठिकाणी लावा जिथे उपग्रहाचा किंवा मोबाईलचा उंचवटा नाही. ९५० च्या आसपास मोबाईलचा पट्टा आहे, तिथे जाऊ नका. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवा.

नंतर एक तपासणी, जी जवळपास कोणी करत नाही. डिश सूर्यावर असताना १० डेसिबलचा ॲटेन्युएटर मध्ये घाला. पातळी १० डेसिबलनेच उतरली पाहिजे. सहा-सातच उतरली तर डोंगल आधीपासून भरून वाहत होतं आणि सूर्याचा वरचा भाग कापला जात होता. ॲटेन्युएटर वाढवा आणि पुन्हा बघा.

७. खरा शत्रू

दोन मेगाहर्ट्झचा पट्टा आणि एक सेकंदाची सरासरी घेतली तर स्वाभाविक गोंगाटाची थरथर हजारात एका भागाहूनही कमी राहते. म्हणजे गोंगाटाची काळजी नको. काळजी सरकण्याची करा. एलएनबी तापला की त्याचा गेन उतरतो, गार झाला की चढतो. डोंगलही तसंच. डिश खाली झुकेल तशी जमिनीची उष्णता कडेने आत शिरते. आणि ग्रहणातही हवा गार होते. ग्रहण ही स्वतःच दोन तासांची हळू उतरण आणि हळू चढण आहे. तुमच्या यंत्राचं सरकणंही नेमकं तसंच दिसतं. आलेखात खळगा दिसला म्हणून ते ग्रहण, असं मानू नका. ते सिद्ध करावं लागतं.

सिद्ध कसं करायचं? एलएनबीला थर्माकोलची टोपी घाला. सगळं यंत्र स्पर्शाच्या किमान तासभर आधी चालू करा. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन खूणवाचनं घ्या: एक मोकळ्या आकाशाचं, एक समोरच्या भिंतीचं. भिंत सुमारे ३०० केल्व्हिनची आणि दिवसभर जवळपास तीच राहते. तिचं वाचन सरकलं तर यंत्र सरकलं.

मोकळं आकाश घेताना डिशची उंची तीच ठेवा आणि फक्त आडवी फिरवा, उत्तरेकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड केल्यावर उजवीकडे. डावीकडे नको. टीव्हीच्या उपग्रहांची रांग त्या दुपारी सूर्याच्या डावीकडे वीसेक अंशांवर आहे. तिकडे डिश वळवलीत तर आकाश मोकळं दिसेल, पण डिश उपग्रहच ऐकत राहील.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खुणांवर, तेवढाच वेळ रेकॉर्डिंग करा. या तीन दिवसांतला फरक, तेच तुमचं ग्रहण. वेळ नाही म्हणून यातलं काही गाळायचंच असेल तर दुसरं काही गाळा, हे नको.

८. पावसाचं काय

साध्या ढगाने फार फरक पडत नाही. मुसळधार पावसाने पडतो, हे डिशवर टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे: १२ गिगाहर्ट्झला पावसाचे थेंब लहरी शोषतात आणि स्वतःच्याही सोडतात. त्यामुळे सर आली की वहीत वेळ लिहा आणि ती टेकडी बाद करा. एलएनबीच्या तोंडावर थेंब साचू देऊ नका.

२१ जूनला दुपारी गोव्यात सूर्य माथ्याच्याही किंचित उत्तरेला जातो. माझी डिश जवळपास उताणी झाली होती आणि मध्येच आलेल्या सरीने तिच्या खळग्यात पाणी साठलं. भाचा फडकं घेऊन धावला. "मावशी, मी पुसू का, की रेकॉर्डिंग चालू आहे?" मी म्हटलं, पूस, मी वेळ लिहिते. आलेखात ११ वाजून ८ मिनिटांवर आजही तो उंचवटा दिसतो, आणि शेजारी वहीतली नोंद असल्यामुळे तो कशाचा याबद्दल शंका उरत नाही. २ ऑगस्टला डिश पश्चिमेकडे झुकलेली असेल, पाणी साठणार नाही.

पावसाची फारच भीती वाटत असेल तर केबलवाल्याकडची जुनी आठ फुटी सी-बँड डिश मिळते का पाहा. ती ४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि पाऊस तिच्या वाटेला जात नाही. मात्र ती हलवायला दोन धडधाकट माणसं आणि पक्का खांब लागतो.

गडगडाट सुरू झाला तर वेध सोडा, केबल काढा आणि खाली या.

९. प्रत्यक्ष दिवशी

ग्रहण पाळणाऱ्या घरांत वेध लागल्यापासून शिजवणं-खाणं बंद असतं. आमच्याकडेही आई पाळते. मदतीला येणाऱ्यांचं जेवण, पाणी, कोण किती वाजता येणार, हे आदल्या दिवशीच ठरवून टाका, म्हणजे ऐनवेळी कोणाचीही अडचण होत नाही.

स्पर्शाआधी अख्ख्या सूर्याच्या किमान तीन टेकड्या मिळायला हव्यात, मोक्षानंतरही तीन. या सहांवरूनच शंभर टक्के म्हणजे किती ते ठरतं. मोक्ष झाला की सगळे खाली उतरायला लागतात. तुम्ही थांबा. लाईट गेली तरी चालावं म्हणून सगळं इन्व्हर्टरवर ठेवा, पण एलएनबी त्यावर तासभर आधीपासूनच असू द्या. मध्येच बदललं तर पातळीही बदलते.

वहीत दर नोंदीला वेळ, डिशची खूण, हवा आणि कोणी काय हलवलं ते लिहा.

१०. आलेख काढताना

डोंगल पातळी डेसिबलमध्ये देतं आणि त्या पातळीत सूर्यासोबत आकाश व यंत्राचा स्वतःचा गोंगाटही असतो. डेसिबल तसेच वजा केले तर उत्तर चुकतं. समजा अख्खा सूर्य मोकळ्या आकाशाहून ४ डेसिबल वर आहे. म्हणजे एकूण ऊर्जा आकाशाच्या २.५१ पट, त्यातला सूर्याचा वाटा १.५१. सूर्याची निम्मी ऊर्जा झाकली गेली तर वाटा ०.७५५ उरतो, एकूण १.७५५, म्हणजे २.४४ डेसिबल. स्क्रीनवर फक्त दीड डेसिबलची घसरण दिसते, प्रत्यक्षात सूर्य निम्मा गेलेला असतो. म्हणून आधी डेसिबलचे पट करा, मग आकाश वजा करा, मग अख्ख्या सूर्याने भागा.

आता या रेघेशेजारी सॉफ्टवेअरने दिलेलं झाकलेल्या क्षेत्रफळाचं गणित मांडा. दोन्ही बरोबर जुळणार नाहीत आणि खरी गंमत तिथेच आहे. डिसेंबर २०१९ हा सूर्यचक्राचा, म्हणजे डाग वाढण्या-घटण्याच्या चक्राचा, तळ होता, जून २०२० लाही सूर्य शांत होता. त्यामुळे माझी रेघ गुळगुळीत आली. २०२७ मध्ये डाग असण्याची शक्यता बरी आहे. चंद्राची कड एखाद्या मोठ्या गटावर चढली की रेघेला पायरी येते आणि गट पुन्हा उघडा पडला की दुसरी. त्या दिवशीचं सूर्याचं उपग्रहाने घेतलेलं चित्र शेजारी ठेवा आणि पायरीच्या वेळेवरून कोणता गट तो शोधा. ओटावामध्ये १९४६ ला जे केलं गेलं, ते तुम्ही गोव्याच्या गच्चीवरून केलेलं असेल.

खग्रास पट्ट्यात जाणार असाल तर हेच सामान सोबत न्या. सूर्य पूर्ण झाकल्यावर रेघ शून्यावर जाणार नाही. जेवढी उरेल ती चंद्राच्या कडेबाहेर डोकावणाऱ्या थरांची, आणि थोडी चंद्राची स्वतःची. चंद्रही दोनशेहून अधिक केल्व्हिनचा आहे.

११. डिशच मिळाली नाही तर

ग्रहणाचा परिणाम आपल्या आयनावरणावरही, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरही होतो. त्यासाठी लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे घेऊन केलेला लूप अँटेना आणि लॅपटॉपचं साउंडकार्ड पुरतं. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचं नौदलाचं केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतं. ४८ किलोहर्ट्झने नमुने घेणारं साउंडकार्ड तिथपर्यंत पोचतं. दिवसाचा खालचा आयनथर ग्रहणात पातळ होतो आणि या संदेशाची ताकद बदलते. इथेही आदल्या आणि दुसऱ्या दिवसाची नोंद लागतेच. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करायला विसरू नका, या पट्ट्यात तेच सर्वात जास्त गोंगाट करतात.

मूळ फाइली जशा आल्या तशाच दोन ठिकाणी ठेवा, वहीच्या पानांचे फोटो त्यांच्यासोबत. आणि २ ऑगस्टनंतर डिश उतरवलीत तरी खांब आणि जमिनीवरची रेघ तशीच राहू द्या. २१ मे २०३१ ला कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा दक्षिण भारतातून जातो, तेव्हाही गोव्यात खंडग्रास असेल, आणि पाऊस यायला अजून काही दिवस बाकी असतील.